पाठमोरी बहीण

पोर्ट ऑगस्टा
१४ जून १९९८

ग्लेनिसबाई यांस,

मी घरी पोहोचलो. कोणी विचारलेलं नाही, तरी कळवतो. दीड दिवस बसमध्ये बसून डावा पाय सुजला आहे. रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी तुमच्याकडे राहिली. ती पोरांच्या हाती लागू देऊ नका, त्यांना गोड वाटतात.

मला पत्र लिहायची सवय नाही. होममध्ये, म्हणजे उचललेल्या पोरांच्या आश्रमात, चौथीपर्यंत शिकवलं आणि मग मेंढ्यांमागे धाडलं. पुढे रेल्वेच्या रुळांवर घण मारला. त्याला अक्षर लागत नाही. पण तीन रात्री झोप नाही, म्हणून लिहितो.

पाच वर्षांचा असताना पोलिसाने मला ट्रकमध्ये घातलं. बाप गोरा, म्हणून मी उजळ. आदिवासी आईची उजळ पोरं उचलायची असा गोऱ्या सरकारचा हुकूम होता. फिलिस माझ्याहून मोठी, आईसारखी काळी, म्हणून ती राहिली. होममध्ये सांगितलं, तुझी आई मेली, तुझं आता कोणी नाही. ते मी साठ वर्षं खरं मानलं. मग हरवलेल्यांची घरं शोधून देणारी ती बाई आली आणि म्हणाली, सिरिल, तुला बहीण आहे, कूलिबा वेलला राहते. मी नवा शर्ट घेतला. बहिणीसाठी लोकरीचं जाकीट घेतलं. तुमच्याकडे लोकर घालत नाहीत हे मला काय ठाऊक?

आणि तुमच्या आईने काय केलं? झाडाखाली बसली होती. मला ट्रकमधून उतरताना पाहिलं आणि पाठ फिरवली! मी पुढून गेलो, तर ती पुन्हा फिरली. मी म्हणालो, "फिलिस, मी सिरिल." ती कुत्र्याशी बोलायला लागली. कोणत्याशा म्हातारीची आणि रस्त्याची गोष्ट. अख्खा गाव बघतोय आणि ही कुत्र्याला गोष्ट सांगते! मग माझा तोल गेला. मी ओरडलो, "फिलिस! फिलिस! माझ्याकडे बघ!" बायकांनी तोंडावर हात धरले. पुरुष उठून गेले. एका म्हाताऱ्याने माझ्या पायाशी काठी भिरकावली.

मी ते जाकीट ट्रकवाल्याला देऊन टाकलं.

तुम्ही चहा दिलात, त्याबद्दल आभार. तुम्हाला 'तू' म्हणण्याइतकं नातं आता उरलेलं नाही.

सिरिल


कूलिबा वेल
२ जुलै १९९८

सिरिल मामा,

तुम्ही मला 'बाई' म्हणालात! माझा नवरा हसून हसून खाटेवरून पडला. मी ग्लेनिस, तुमच्या बहिणीची मुलगी. मामाला राग आला म्हणून मामेपण जात नसतं. गोळ्या दवाखान्यात नीट ठेवल्या आहेत. मीच तिथे काम करते, तेव्हा काळजी नको.

आता माझा राग ऐका. तुम्ही पत्रात आईचं नाव सारखं लिहिलंत. मी ते पत्र कोणाला दाखवलं नाही, नाहीतर पुन्हा काठी आली असती.

मामा, आपल्यात भाऊ कळता झाला की बहिणीच्या तोंडासमोर बसत नाही. तिच्याशी थेट बोलत नाही. तिचं नाव तर तोंडातून काढतच नाही. हे वैर नाही, ही इज्जत आहे. परक्या माणसाकडे तोंड करून बसता येतं. पाठ फक्त भावाकडे करतात.

आईने तुम्हाला पाहून पाठ केली, तेव्हा माझ्या मावशा रडल्या. त्या क्षणापर्यंत कोणाला खात्री नव्हती. एक म्हातारा शर्ट घालून ट्रकमधून उतरतो, तो कोणीही असेल. पण आई फिरली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हा माझा भाऊ. आणि तुम्ही काय केलंत? भर गावात तिचं नाव घेऊन ओरडलात. ज्याने तिची अब्रू राखायची, त्यानेच ती चव्हाट्यावर आणली. ती तेव्हापासून दुकानापर्यंत गेलेली नाही. पीठसुद्धा मीच आणते.

आणि कुत्र्याचं म्हणाल तर, भावाशी बोलायचं असलं की असंच बोलतात. कुत्र्याला सांगायचं, झाडाला सांगायचं, ज्याने ऐकायचं तो ऐकतो. तुम्हाला कळावं म्हणून ती इंग्रजीत बोलत होती, तेही मोडक्यातोडक्या, लाज सोडून. ती म्हातारी म्हणजे तुमची आई. तुम्हाला नेल्यावर आजीने आपली झोपडी मोडून रस्त्याच्या कडेला बांधली. धुळीचा लोट दिसला की उठून उभी राहायची. गुरांचा ट्रक असो, टपालाचा असो. ती मेली तेव्हा माझा जन्म झाला होता. म्हणजे तुम्ही चांगले तीस वर्षांचे होतात.

हे सगळं आई कुत्र्याला सांगत होती. तुम्ही मध्येच ओरडलात.

ग्लेनिस


पोर्ट ऑगस्टा
१९ जुलै १९९८

ग्लेनिस,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा म्हणालो, थाप आहे. आईच्या वागण्यावर पोरगी पांघरूण घालते आहे. शेजारच्या बर्टला सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या लोकांचं काहीही असतं." मी त्याला दाराबाहेर काढलं. आता तो माझ्या मांजराला दूध घालत नाही, मलाच सकाळी उठावं लागतं.

मग आज दाढी करताना लेनी आठवला आणि वस्तरा हातातच राहिला.

लेनी होममध्ये आला तेव्हा दहा-अकराचा असेल. त्याची बहीण मॅव्हिस मुलींच्या बाजूला होती. आम्ही सगळे पाळण्यातून उचलल्यासारखे, आम्हाला मागचं काही आठवत नव्हतं. लेनीला आठवत होतं. जेवणाच्या खोलीत मॅव्हिस आली की तो बाकावर उलटा फिरून बसायचा. पोरांवर देखरेख करणाऱ्या मेट्रनला वाटलं, पोरगं घुमं आहे, बहिणीवर रुसलं आहे. तिने दर रविवारी प्रार्थनेनंतर दोघांना समोरासमोर उभं करायला सुरुवात केली. हात मिळवायचे आणि म्हणायचं, "सुप्रभात, मॅव्हिस." सगळ्यांसमोर. लेनी मान खाली घालून उभा. मेट्रन म्हणायची, "आम्हाला वेळ आहे, लेनी. जेवण थांबेल." आमची लापशी गार व्हायची. आम्ही पोरं मागून ओरडायचो, "म्हण ना, मुक्या!" मॅव्हिस रडत असायची. लेनी वेताच्या छड्या खायचा, पण नाव घ्यायचा नाही. शेवटी एका रविवारी घेतलं. हळूच. मेट्रनने टाळ्या वाजवल्या आणि दोघांना जॅम लावलेला पाव दिला. मॅव्हिसने तो खाल्ला नाही. त्यानंतर लेनी कोणाशीच धड बोलला नाही.

मला आजपर्यंत वाटत होतं की लेनी हट्टी होता. त्या होममध्ये शहाणा तोच एकटा होता, आणि त्याला मारून मारून आमच्यासारखं केलं.

ग्लेनिस, मला त्यांनी काय काय शिकवलं माहीत आहे? बूट कसे चमकवायचे. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा. ओली गादी असली की ती डोक्यावर घेऊन अंगणात किती वेळ उभं राहायचं. आपल्या भाषेतला एक शब्द तोंडातून गेला की साबण कसा चावायचा. देव कुठे बसतो, राजा कुठे बसतो, ते सगळं शिकवलं. स्वतःच्या बहिणीसमोर कुठे बसायचं तेवढं शिकवलं नाही. आणि ज्याला येत होतं त्याच्याकडून काढून घेतलं.

तीस वर्षांचा! मी तीस वर्षांचा असताना अॅलिस गावाकडे जाणाऱ्या रेल्वेवर काम करत होतो. आगगाडीने एक दिवस आणि पुढे ट्रकने दोन, एवढंच अंतर. मी सुट्टीत दारू पीत बसलो होतो, आणि ती रस्त्यावर उभी होती.

यात माझ्या बहिणीचा दोष नाही. हे मी तुला लिहितो आहे, पण तू स्वयंपाक करताना मोठ्याने वाचलंस तर माझी हरकत नाही.

मामा


कूलिबा वेल
१० ऑगस्ट १९९८

मामा,

वाचलं. कुत्र्यालाच वाचून दाखवलं. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. लेनीचं आलं तेव्हा तिने पिठाचा हात तसाच डोळ्यांना लावला. मग चुलीला म्हणाली, "त्या माणसाला कोणी जेवायला घालतं का? नुसता हाडाचा सापळा होता."

तुम्ही या. कसं यायचं ते सांगते. ट्रकमधून उतरायचं आणि सरळ माझ्या घरी यायचं, तिच्याकडे बघायचंही नाही. सोबत एक चांगली घोंगडी आणा, नवी, लाल असली तर उत्तम. ती माझ्या हातात द्यायची. मी ती आईला देईन. ती खांद्यावर घेऊन दुकानापर्यंत जाईल. संपलं. सगळ्यांना कळेल की भावाने आपली चूक भरून दिली. कोणी भाषण करायचं नाही. तुम्हाला भाषणाची खोड आहे असं दिसतं.

उशीर करू नका. आईची मूत्रपिंडं बिघडली आहेत. पाय तुमच्यापेक्षा जास्त सुजले आहेत. डॉक्टर म्हणतात, डार्विनला नेऊन रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर ठेवू. ती म्हणते, भाऊ येईपर्यंत नाही. मी तिला रोज सांगते, डार्विनला गेलीस तर जगशील. ती म्हणते, "डार्विनला गेलेल्या किती जणी परत आल्या?"

ग्लेनिस


पोर्ट ऑगस्टा
२० सप्टेंबर १९९८

ग्लेनिस,

उशीर झाला. आधी पाय बरा होईना. मग बसचं तिकीट काढलं आणि त्याच दिवशी गॅस गळायला लागला. घोंगडी घेतली आहे, लाल नाही मिळाली, तपकिरी आहे. ती चालेल का? दुकानदाराला तीन वेळा विचारलं, रंग धुतल्यावर जातो का. त्याने मला हाकललं.

खरं सांगतो, मी घाबरलो आहे. पुन्हा काही चुकलं तर? मी काय काय चुकू शकतो ते मला माहीतच नाही. परक्या घरात काचेची भांडी असतात तशी अवस्था. फरक इतकाच की हे घर माझं आहे.

आणि अजून एक झालं. होमची जुनी माणसं चर्चच्या हॉलमध्ये जमणार होती, होम सुरू झाल्याचा वाढदिवस. मला बोलावणं आलं. म्हटलं, जाऊ नये. पण गेलो. लेनीचं काय झालं ते विचारायचं होतं. कोणी सांगितलं, लेनी केव्हाच मेला, तुरुंगात. मॅव्हिसचा पत्ता नाही.

तिथे सुपरिंटेंडेंटची मुलगी होती. आता सत्तरीची, मोत्यांची माळ घातलेली. मला ओळखून म्हणाली, "सिरिल! किती नीटनेटका राहिलायस! बाबा म्हणायचेच, हा वाया जाणार नाही."

मी म्हणालो, "बाई, माझी आई मेली असं मला कोणी सांगितलं?"

"अरे, तेव्हा सगळ्यांनाच तसं सांगायचे. पोरं लवकर रुळायची."

"ती जिवंत होती."

"हो रे, पण तुझ्यासाठी ते बरंच झालं ना? इकडे वळण लागलं. तिकडे राहिला असतास तर जेवताना काटा-चमचा धरायला तरी आला असता का?"

मी म्हणालो, "काटा कुठल्या हातात धरायचा ते तुम्ही शिकवलंत, बाई. बहिणीचं काय करायचं ते—"

"डाव्या हातात, सिरिल," ती हसून म्हणाली आणि माझ्या हातात केकची बशी दिली.

मी बशी पालथी केली, त्यांच्या पांढऱ्या टेबलाच्या कापडावर, सावकाश. कोणी तरी म्हणालं, "म्हाताऱ्याला पाणी द्या." मी म्हणालो, "मला पाणी नको. मला लेनी हवा." आणि निघालो.

पुढच्या महिन्यात येतोच. तपकिरी चालेल का ते कळव.

मामा


कूलिबा वेल
२७ ऑक्टोबर १९९८

मामा,

तपकिरी चालली असती. पण आता इथे येऊ नका. सरळ डार्विनला जा.

आई परवा बेशुद्ध पडली आणि विमान येऊन तिला घेऊन गेलं. विमानात एकाच माणसाला जागा होती आणि तिथे नर्स बसली. मला निघता येत नाही, धाकटीला गोवर आला आहे आणि सगळ्या गावात पसरतो आहे. दवाखान्यात मी एकटी. नवरा गुरांमागे गेलेला. मावशांना डार्विनच्या इस्पितळात लिफ्टचं बटण कुठलं तेही कळत नाही. आपल्या घरातला शहर माहीत असलेला माणूस तुम्हीच.

एक लक्षात ठेवा. तुम्ही खोलीत जायचं नाही. दाराबाहेर बसा, पाठ करून. ती ऐकेल, तुम्हीही ऐका. नर्सेस तुम्हाला आत ढकलतील. गोऱ्या लोकांना वाटतं, आजारी माणसाचा हात धरला नाही म्हणजे माया नाही.

गोळ्या घेऊन जा.

ग्लेनिस


डार्विन
१५ नोव्हेंबर १९९८

भाचे,

इथे इतकं उकडतं की कागद मनगटाला चिकटतो. इस्पितळामागच्या वसतिगृहात आहे. पंखा आवाज करतो, तो डोक्यावर पडेल असं वाटतं, म्हणून मी खाट ओढून भिंतीला लावली आहे. गोळ्या घेतो.

पहिल्या दिवशी घोंगडी नर्सकडे दिली आणि म्हणालो, आत द्या, कोणी दिली ते सांगू नका. ती म्हणाली, "या उकाड्यात घोंगडी?" पण दिली. मग मी दाराबाहेर खुर्ची ठेवली, पाठ आतल्या बाजूला. थोड्या वेळाने आतून आवाज आला. तुझी आई सलाइनच्या खांबाला सांगत होती, "तपकिरी आणलीये. मातीच्या रंगाची. डाग दिसायचा नाही." मी हसलो तर समोरच्या म्हाताऱ्याला वाटलं, मला वेड लागलं.

मग रोज असंच चाललं. ती खांबाला सांगायची, मी पाण्याच्या पिंपाला. आईचं उरलेलं सगळं सांगितलं तिने. मी होमचं सांगितलं. एकदा आम्ही दोघं एकदमच बोलायला लागलो आणि दोघंही गप्प झालो. अशा वेळी काय करतात ते मला ठाऊक नव्हतं. मग ती खांबाला म्हणाली, "आधी त्या बाहेरच्याला बोलू दे, त्याला घाई असते."

नर्सेसनी छळ मांडला. एक धिप्पाड नर्स रोज यायची आणि तुझ्या आईचं नाव घेऊन ओरडायची, "अहो, तुमचा भाऊ बाहेर रुसून बसलाय!" मी कानांवर हात ठेवले. ती म्हणाली, "स्वतःच्या बहिणीजवळ बसायला लाज वाटते? या, धरा तिचा हात." आणि माझा दंड धरून ओढलं. भाचे, मला जॅम लावलेला पाव आठवला आणि डोक्यात रक्त चढलं. मी ओरडलो, "हात काढ! माझ्या बहिणीचं नाव माझ्यासमोर घ्यायचं नाही! तुला माया शिकवायची तर तुझ्या भावाला शिकव!" शिपाई आला. मी त्यालाही ऐकवलं. आतून तुझी आई खांबाला म्हणाली, "बघ, आता आला वळणावर."

मंगळवारी ती खांबाला म्हणाली, "त्या बाहेर बसलेल्याला कोणी सांगा, मला नळीला बांधून इथे मरायचं नाही. मला घरी न्या." दुसरं काही बोललीच नाही, दिवसभर.

भावाला बहिणीने सांगितलं की ते करायचं असतं, एवढं मला कोणी शिकवायला लागलं नाही.

डॉक्टर तरुण आहे, वाईट नाही. पाणी घेऊन आला, माझ्यासमोर जमिनीवर बसला. म्हणाला, "काका, कूलिबा वेलला यंत्र नाही. तिथे त्या फार दिवस काढणार नाहीत. आत जाऊन समजवा त्यांना. त्यांच्या भल्यासाठीच ठेवतोय."

मी म्हणालो, "पोरा, मलाही भल्यासाठीच नेलं होतं."

तो म्हणाला, "ते वेगळं होतं."

"नेणारा माणूस तुझ्यासारखाच होता. त्याने मला बिस्कीट दिलं होतं. माझी आई ट्रकमागे पळत होती आणि तो म्हणत होता, रडू नको, तिकडे छान आहे. तुझं औषध चांगलं असेल. पण ती म्हणते घरी, म्हणजे घरी."

तो म्हणाला, मग जबाबदारी घेतल्याची तुमची सही लागेल, तुम्ही जवळचे नातेवाईक. तेव्हा मात्र मी उठून उभा राहिलो. सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं असेल. म्हणालो, "मला उचललं तेव्हा कोणाची सही घेतली होती? न्यायला सही लागत नाही आणि परत सोडायला लागते?" त्याने कागद पुढे केला. शेवटी मी सही केली. चौथीतली सही, वाकडी. पण केली.

मग मी पिंपाला सांगितलं, "शुक्रवारी विमान आहे." आत ती रडली असावी. मी ऐकलं, पण ऐकलं नाही.

मी विमानात कधी बसलेलो नाही. लहान विमान आहे, वाऱ्याने हलतं म्हणे. मी पुढे बसेन, पायलटच्या शेजारी, ती मागे झोपून येईल. पायलटला समजावून सांगितलं की आमची तोंडं समोरासमोर आली नाही पाहिजेत. तो म्हणाला, "म्हातारबा, माझ्या विमानात सगळे पुढेच बघतात." बरा माणूस आहे. बर्टला कळवलं आहे, खोली सोडतो, मांजर ठेवून घे. मी आता तिथेच राहणार आहे. तिच्यानंतरही. तिच्यानंतर काय करायचं असतं, कोणाचं काय काम असतं, ते सगळं तू मला आधी नीट सांग. मी लिहून घेईन. पुन्हा चुकायला मला वेळ नाही.

हे पत्र उद्याच्या टपालाच्या विमानाने धाडतो, शुक्रवारच्या आधी मिळेल. धावपट्टीवर सावली कर. मावशांना बोलाव. आणि गाड्या दोन आण, एक चर्चची माग, एक दुकानाची. देत नसतील तर माझं नाव सांग, आणि म्हणावं, म्हातारा तुमच्याशी भांडायलाच येतोय. आम्ही दोघं भाऊ-बहीण आहोत. आम्हाला एका गाडीत बसवलंस तर याद राख.

तुझा मामा